तबकडीवरचं तास

आमच्या खेड तालुक्यात जुनी माणसं ग्रामोफोन म्हणत नसत, फोनो म्हणत. "पाटलाच्या वाड्यात फोनो आलाय" एवढं म्हणलं की सगळं आलं. त्यात चावी आली, पितळी कर्णा आला, कर्ण्यापुढं कान देऊन बसलेल्या कुत्र्याचं चित्र आलं. गावात वीज यायच्या कितीतरी आधी फोनो आला होता, कारण त्याला वीज लागतच नव्हती. घड्याळासारखी चावी द्यायची, आतली स्प्रिंग ताणायची, ती सुटताना तबकडी फिरायची. वीज पुढं आमच्या लहानपणी आली आणि तिच्या मागनं विजेवरचे रेकॉर्ड प्लेअर आले. त्यातलाच एक मी गेल्या वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारातून साडेतीन हजाराला घेतला. साठी उलटल्यावर हा नाद कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. पण मशीन दुरुस्त करता करता मला जे कळत गेलं ते मला मशीनपेक्षा मोलाचं वाटलं. म्हणून हे लिहितोय.

मशीन गॅरार्ड कंपनीचं आहे, इंग्लंडातल्या स्विंडन गावात झालेलं. वेग चार आहेत, 16, 33, 45 आणि 78. आकडा म्हणजे तबकडी मिनिटाला किती फेरे घेते ते. घरी आणलं तेव्हा ताट हाताने फिरवलं तरी जड जात होतं. आतलं ग्रीस वाळून डांबर झालेलं. ते रॉकेलनं धुतलं, बुशात शिलाई मशीनचं तेल सोडलं. मोटर सुरू झाली, पण ताट फिरेना. या जातीच्या मशीनमध्ये मोटर सरळ ताटाला जोडलेली नसते. मोटरच्या दांड्यावर पायऱ्या असतात, त्या पायरीला एक रबरी चाक टेकतं आणि ते चाक ताटाच्या आतल्या कडेला घासून ताट फिरवतं. वेग बदलायचा म्हणजे चाक वरच्या नाहीतर खालच्या पायरीवर न्यायचं. पन्नास वर्षांत ते रबर दगड झालं होतं. नवीन चाक कुठं मिळणार? पण आपण राहतो कुठं, चाकणला. थोरला मुलगा कंपनीत आहे, त्याच्या ओळखीनं भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपात जुन्याच चाकावर नवं रबर चढवून लेथवर मापात आणून घेतलं. दिवसभर मोटारींचे भाग करणाऱ्या पोरानं ते चाक हातात घेऊन विचारलं, "काका, हे कुठल्या गाडीचं?" मी म्हणलं, "गाण्याच्या."

मग मांडणी. रेकॉर्ड प्लेअर लेव्हलमध्ये नसला तर सुई एका अंगाला दाबते आणि तबकडी घासते. मी गवंड्याची पाणसळ आणून ताटावर आडवी-उभी ठेवली आणि पायाखाली पत्र्याच्या चकत्या घालून बुडबुडा मध्यावर आणला. वेग तपासायची युक्ती तर फारच नामी आहे. कागदाच्या चकतीवर सारख्या अंतरानं 180 रेघा काढायच्या, चकती ताटावर ठेवायची आणि वर जुन्या चोकची ट्यूबलाइट लावायची. आपली वीज 50 सायकलची, म्हणून ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. ताट बरोबर 33 आणि एक तृतीयांशच्या वेगानं फिरत असलं, तर त्या रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. वेग कमी असला तर मागं सरकतात, जास्त असला तर पुढं पळतात. 78 साठी रेघा 77 लागतात. आमच्या वस्तीवर विहिरीवरच्या मोटरी सुरू झाल्या की विजेचा दाब पडतो, तेव्हा रेघा मागं चालायला लागतात आणि गाणारा जरा दमल्यासारखा वाटतो. गुणगुण येत होती ती अर्थिंग दिल्यावर गेली. शेतकऱ्याला अर्थिंग काय ते सांगावं लागत नाही.

सुईचं वेगळं शास्त्र आहे. 78 च्या तबकडीचं तास रुंद असतं, तिला जाड सुई लागते. नंतरच्या लाँग प्लेचं तास फार बारीक, त्याला त्याच्या चौथाई-तिहाई जाडीची सुई. माझ्या मशीनला दोन तोंडांची सुई आहे, बोटानं पालटायची. तास हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. नांगर बांधाकडून आत वळत वळत जातो तशी सुई बाहेरच्या कडेनं धरून मध्याकडं जाते. लाँग प्लेच्या एका बाजूला बावीस मिनिटं धरली तर साडेसातशेच्या आतबाहेर फेरे होतात. हे तास उलगडून सरळ केलं तर अर्ध्या किलोमीटरला थोडंच कमी भरेल. बारा इंचांच्या तव्यात एवढी नांगरट! त्या तासाच्या दोन्ही भिंती जशा खालीवर झाल्या असतील तशी सुई थरथरते. आवाज म्हणजे तेवढंच, बाकी काही नाही.

आता तबकडीकडं येतो. 78 ची तबकडी प्लॅस्टिकची नसते, लाखेची असते. लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि थोडं कापसाचं तंतू मिसळून ती गरम दाबात ठोकायचे. लाख म्हणजे बारक्या किड्यानं झाडाच्या फांदीवर केलेलं कवच. पळस, बोर, कुसुंब ही तिची झाडं. शिमग्याला आमच्या डोंगरउतारावर पेटल्यासारखा फुलतो आणि ज्याच्या पानाच्या पत्रावळीवर आम्ही लग्नात जेवलो, तोच हा पळस. आमच्याकडं लाख कोणी पिकवत नाही, ती छोटा नागपूरच्या रानात आदिवासी पिकवतात. जगभरातल्या तबकड्यांना लागणारी बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थानातून जायची. म्हणजे लंडनमधला साहेब संध्याकाळी जे गाणं ऐकायचा, ते आपल्या रानातल्या किड्याच्या कवचावर कोरलेलं असायचं. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा विलायतेत जुन्या तबकड्या गोळा करून पुन्हा वितळवत होते. एक व्यवहाराची गोष्ट इथंच सांगतो. कुणाच्या घरी अशी जुनी तबकडी असली तर ती स्पिरिटनं पुसू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. थंड पाणी, मऊ सुती फडकं, बस्स. आणि उभी ठेवा, एकावर एक रचू नका. पडली की खापरीसारखी फुटते.

आवाज साठवायचं पहिलं यंत्र एडिसननं अमेरिकेत 1877 ला केलं, ते नळकांड्याचं होतं. सपाट तबकडीची युक्ती एमिल बर्लिनरची, 1887 ची. सपाट तबकडीचा फायदा असा, की एक साचा केला की त्यावरून भाकरीसारख्या हव्या तेवढ्या थापता येतात. पंधरा वर्षांत कंपनीची माणसं आपल्याकडं आली. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग नावाच्या गोऱ्यानं कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं घेतलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून आलेल्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं. तीन मिनिटं झाली की मेणाची चकती संपली. गाणं संपलं की त्या बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. कारण ते मेण जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तिथल्या कामगाराला कळायला पाहिजे, की लेबलावर नाव कुणाचं छापायचं. पुढं 1908 ला कलकत्त्यालाच कारखाना निघाला आणि तबकड्या इथंच व्हायला लागल्या. मोठमोठे उस्ताद आधी कचरत होते. आपली विद्या यंत्राच्या पोटात गेली तर आपल्याकडं काय राहिलं, असं त्यांना वाटे. आधी आवाज दिला तो बैठकीत गाणाऱ्या बायकांनी. ज्यांना समाज उंबऱ्याच्या आत घेत नव्हता, त्यांचा आवाज फोनोतून भल्याभल्यांच्या माजघरात गेला.

तबकडीनं काय केलं याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. गदगला अकरा वर्षांचा एक पोरगा दुकानापुढं उभा राहून अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकायचा. तसं गाता आलं पाहिजे म्हणून 1933 ला तो घरातून पळाला. ते भीमसेन जोशी. पुढं ते पुण्याचे झाले. गुरू नंतर भेटले, पण हाक पहिली मारली ती तीन मिनिटांच्या तबकडीनं. जो राग खाँसाहेब बैठकीत तासभर गायचे तो त्यांनी तीन मिनिटांत बसवून दाखवला होता.

पण सगळंच तीन मिनिटांत बसत नाही, आणि इथं आमच्या भागाचा प्रश्न येतो. नारायणगाव आमच्यापासून तासाच्या वाटेवर. तमाशाची ती पंढरी. रात्री दहाला गण सुरू झाला की गवळण, बतावणी, मग वग, तो पहाटेपर्यंत. तबकडीवर त्यातली लावणी चढली. पण वग कसा चढणार? सोंगाड्याचा हजरजबाबीपणा, समोरच्या गर्दीतून कुणी काही बोललं की त्याला तिथंच दिलेलं उत्तर, ढोलकीवाल्यानं उगाच वाढवलेला तोडा, हे राहून गेलं. शाहीर साबळ्यांचा पोवाडा रेकॉर्डवर ऐकला की अंगावर काटा येतो. पण जत्रेत तीन तास चाललेला पोवाडा ज्यांनी ऐकला, त्यांना ही नुसती चव आहे.

आमच्या पिढीला तबकडी भेटली ती घरात नाही, लग्नात. सत्तरच्या दशकात लाउडस्पीकरवाला आदल्या रात्रीच यायचा. लिंबाच्या शेंड्याला कर्णे बांधायचा, खाली पेटीत मशीन आणि रेकॉर्डींचा गठ्ठा. सुलोचना चव्हाणांची लावणी लागली की चार वाड्या-वस्त्यांना कळायचं आज लग्न कुठं आहे. तो माणूस कुणाला रेकॉर्डला हात लावू देत नसे. आम्ही पोरं त्याच्याभोवती गोल बसायचो आणि फिरणाऱ्या लेबलावरचं नाव वाचायचा प्रयत्न करायचो. मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. ती स्वस्त होती आणि कुणालाही भरता येत होती. मोठ्या कंपनीनं ज्यांना कधी विचारलं नसतं अशा गावोगावच्या भजनी मंडळांच्या, भीमगीतांच्या कॅसेटी बाजारात आल्या. तबकडी मागं पडली याचं मला वाईट वाटतं, पण कॅसेटनं दार उघडलं हेही खरं. 1999 ला चाकणला बजाजचा कारखाना आला, 2009 ला फोक्सवॅगन आली. तोवर लिंबावरचे कर्णे जाऊन डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि पुष्कळ ठिकाणी तो लिंबही रस्त्यात गेला होता.

माझ्याकडं आता साठेक तबकड्या जमल्यात. बालगंधर्व आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत, गजानन वाटवे आहेत. रात्री मी त्या लावतो. आधी सुईची खरखर येते, चुलीत ओला काटूक जळल्यासारखी, आणि तिच्या मागनं नव्वद वर्षांपूर्वीचा गळा येतो. नातू पहिल्यांदा म्हणाला, "आबा, आवाज साफ नाही." मग लाकडी फळीला कान लावून बसला. मोबाइलवर गाणं नुसतं लागतं, इथं ते फिरताना दिसतं, त्यामुळं पोर हलत नाही. ऐकताना हातानं कामही करता येत नाही. तीन मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागते, म्हणून माणूस ऐकण्यावर राहतो. आयुष्यभर मी गाणी मोटेवर, गोठ्यात, ट्रॅक्टरवर ऐकली. नुसतं बसून ऐकायचं सुख या वयात मिळालं.

पण या साठ तबकड्यांत आमच्या घरातला एकही आवाज नाही. माझी आई पहाटे जात्यावर बसायची. दोन पायली दळण होईपर्यंत तिच्या ओव्या एकीला दुसरी लागलेली नसायची. माहेरावर, भावावर, विठ्ठलावर, दुष्काळावर. कुठल्या कंपनीनं जात्यापुढं कर्णा लावला नाही, कारण ओवी गाणारीला ती विकायची नव्हती आणि विकत घेणाराही कुणी नव्हता. ती आता नाही. पिठाची गिरणी आली तेव्हाच ओव्या थांबल्या होत्या, नंतर जातं तुळशीपाशी उलटं पडलं.

सगळंच गेलं असं मात्र नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी मावळ-मुळशीसारख्या भागातल्या गावांत बायकांपुढं बसून ओव्या लिहून घेतल्या, पुष्कळशा टेपवरही घेतल्या. एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. आता त्या 'पारी' या संकेतस्थळावर गाणारीचं नाव, गाव घालून ठेवल्यात. मोठे उस्ताद, मोठ्या कंपन्या यांच्या जोडीला दळणाऱ्या बाईचं नाव लागलं. गौहर जान यांना स्वतःचं नाव स्वतः सांगावं लागलं होतं, इथं ते कुणीतरी विचारून लिहिलं.

आमच्या भावकीत ओव्या येणाऱ्या दोघीच राहिल्यात. एक चुलती, एक मावसबहीण, दोघी ऐंशीच्या पुढच्या. आखाजीनंतर कांद्याची कामं उरकली की नातवाचा मोबाइल घेऊन त्यांच्याकडं जायचं ठरवलंय. जातं धुऊन, खुंटा ठोकून तयार ठेवायला सांगितलंय. चुलती म्हणाली, "दळायला काही नसलं तर ओवी येत नाही रे." म्हणून पायलीभर बाजरीही नेणार आहे.