बसच्या रांगेतला हिरो

‘छोटी सी बात’ची गोष्ट कुणाला नुसती सांगून बघा. ऑफिसात काम करणारा एक लाजाळू मुलगा रोज बस-स्टॉपवर एका मुलीला बघतो, तिच्या मागे मागे जातो, पण बोलायची हिंमत होत नाही. मग तो खंडाळ्याला एका निवृत्त कर्नलकडे जातो आणि कर्नल त्याला प्रेमात जिंकायचं रीतसर शिक्षण देतात. ऐकणारा म्हणेल, काहीही! पण १९७६ सालच्या या सिनेमात ते सगळं खपून जातं, आज फोनवर बघतानाही खपतं. त्याचं श्रेय मी पटकथेपेक्षा अमोल पालेकरांच्या चेहऱ्याला देईन.

मूळ कथा मुंबईची नाहीच. ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ हा १९६०चा ब्रिटिश सिनेमा. त्यात समोरच्यावर कुरघोडी कशी करायची हे शिकवणारी एक शाळाच आहे. बासू चटर्जींनी ती कल्पना उचलली आणि दक्षिण मुंबईतल्या बसच्या रांगेत आणून ठेवली. बासूदा आधी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते. माणूस उभा कसा राहतो, चोरून कसा बघतो, हे टिपायची सवय तिथली असावी.

आता कास्टिंग बघा. पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. सत्यदेव दुबेंबरोबर नाटकं केलेली, पहिला सिनेमाही दुबेंचाच, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१). आणि बँक ऑफ इंडियात नोकरी. म्हणजे पडद्यावर अरुण ऑफिसात फाइल उघडतो तेव्हा तो हात खरंच टेबलावर काम केलेला आहे. हे लक्षात घ्यायचं कारण, आदल्याच वर्षी ‘दीवार’ आणि ‘शोले’ येऊन गेले होते. त्या हिरोंना बसची वाट बघताना कोण मानणार?

बासूदांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मोठे स्टार टाळले नाहीत, उलट बोलावले. धर्मेंद्र आणि हेमामालिनी इथे येतात ते थिएटरच्या पडद्यावर गाणं म्हणत. अरुण ते बघतो आणि त्यांच्या जागी स्वतःला आणि प्रभाला कल्पतो. अमिताभ बच्चन तर अमिताभ बच्चन म्हणूनच कर्नलचा सल्ला घ्यायला येतात! हिरो तिकडे, प्रेक्षक इकडे, आणि अरुण आपल्या बाजूला. कर्नलचा अख्खा वेडेपणा पचतो तो या एका विभागणीमुळे. (अशोक कुमार तो इतक्या गंभीरपणे करतात, हेही आहेच.)

विद्या सिन्हांची प्रभाही तशीच. साधी साडी, स्वतःची नोकरी, स्वतःची बस. ‘रजनीगंधा’त (१९७४) पालेकरांबरोबर त्या होत्याच, त्यामुळे जोडी ओळखीची.

पण एक गोष्ट खटकते. अरुण जे करतो त्याला आज आपण सरळ पाठलाग म्हणू. प्रभाला ते कळतं आणि तिला त्याची गंमत वाटते, अशी सोय पटकथेने करून ठेवली आहे. तरी खरी सोय चेहऱ्याची आहे. हेच सगळं असरानींच्या नागेशने, तो स्कूटरवाला आगाऊ सहकारी, केलं असतं तर आपण त्याला पहिल्याच रिळात हाकलला असता. खाली झुकलेली नजर आणि अडखळणारा आवाज असला की हेतू चांगलाच, हे आपण न विचारता धरून चालतो. सिनेमा गोड वाटतो तो याच गृहीतकावर.

श्याम बेनेगलांनी नेमकं तेच गृहीतक उलटवलं. ‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. त्यात पालेकर आहेत केशव दळवी: स्मिता पाटीलच्या उषाचा नवरा, तिच्या कमाईवर जगणारा आणि तिच्यावरच संशय घेणारा. चेहरा तोच, आवाजही फारसा चढत नाही. म्हणून तर अंगावर काटा येतो. घरात शिरताना असा माणूस कुणालाच धोक्याचा वाटला नसता.

१९७९ साली बासूदांच्या ‘बातों बातों में’मध्ये तोच चेहरा लोकलमधल्या एका मुलीच्या प्रेमात पडला, आणि आपण पुन्हा हसत त्याच्या बाजूला जाऊन बसलो.