उष्णता दिसू लागली, तेव्हा

मागच्या व्याख्यानात आपण दुर्बिणीबद्दल बोललो. दुर्बिणी बनवणाऱ्या विल्यम हर्शेलनंच १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा सर्वांत जास्त चढला. हा अवरक्त प्रकाश. आपलं शरीर, घराची भिंत, तापलेली वायर, सगळेच तो सतत बाहेर टाकत असतात.

तो टिपणारे चांगले कॅमेरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, पण लष्करासाठी. कारण साधं आहे. सेन्सर स्वतःच गरम असला, तर त्याच्याच उष्णतेच्या गोंगाटात बाहेरचं क्षीण चित्र बुडून जातं. म्हणून तो उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवायचा. पैसा मोठ्या प्रमाणात जायचा तो या थंडाव्यावर!

हनीवेल कंपनीनं अमेरिकी लष्कराच्या पैशातून, गुप्तपणे, दुसरी वाट शोधली. सिलिकॉनच्या चिपवर व्हॅनेडियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म पूल. उष्णता पडली की पूल तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो. थंड करायची गरजच नाही. चित्र थोडं मंद, थोडं कमी बारकाव्याचं. पण काम भागतं. १९९२ मध्ये ही गुप्तता उठली आणि इतर कंपन्यांना परवाने मिळाले. २०१४ मध्ये मोबाइलला जोडायचे कॅमेरे आले : फ्लिर वन ३४९ डॉलरला, सीक थर्मल १९९ डॉलरला. पहिल्या फ्लिर वनच्या उष्णताचित्रात जेमतेम ४,८०० बिंदू होते. पण वायरमनला सैल पडून तापलेला जोड शोधायला तेवढे पुरतात. म्हणजे स्वस्ताई केवळ शोधातून आली नाही. ‘एवढं पुरे’ असं म्हणण्यातूनही आली.

आता खरा प्रश्न. १९९२ च्याच जानेवारीत ऑरेगॉन राज्यात सरकारी माणसांनी गाडीत बसून एका घरावर असा कॅमेरा रोखला. कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही, पण छताचा एक भाग आणि एक भिंत जास्त गरम दिसली. आत दिव्यांखाली गांजा वाढत होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की ही झडतीच आहे, तिला वॉरंट हवं. मात्र न्यायमूर्ती स्कालियांनी एक अट जोडली : साधन सर्वसामान्यांच्या वापरात नसेल तर. अल्पमतातल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. साधनं सर्रास मिळू लागली की धोका वाढणार, आणि तेव्हाच संरक्षण आटणार?

त्यानंतर तेराच वर्षांत कॅमेरा दुकानात आला.

आम्हा तत्त्वज्ञानाच्या लोकांना इथं एक घोटाळा दिसतो. वस्तूची किंमत आणि माणसाचा हक्क एकाच दोरीला बांधले आहेत. कॅमेरा स्वस्त व्हावा, वायरमनच्या आणि अग्निशामक जवानाच्या हाती पोचावा, हे चांगलंच. पण आपल्या भिंतीला जो मान आहे, तो आत माणूस राहतो म्हणून. कॅमेरा महाग आहे म्हणून नव्हे. हा फरक कायद्यात कसा मांडायचा, यावर आपण पुढच्या वेळी बोलू.