जागचा न हलणारा दुकानदार

इंग्रजीत 'स्टेशनरी' दोन आहेत. स्पेलिंगमध्ये शेवटाकडे 'ए' आला की अर्थ होतो जागचे न हलणारे, आणि तिथेच 'ई' आला की वह्या, कागद, पाकिटे. पाकीट म्हणजे एन्व्हलप, ते 'ई'ने सुरू होते, ही शाळेतली खूण परीक्षेपुरती बरी. पण तिने या दोघांचे नातेच झाकून टाकले आहे.

दोघांचे मूळ लॅटिन 'स्टारे', म्हणजे उभे राहणे. आपला 'स्था' धातू त्याच घराण्यातला. 'ए'वाला शब्द इंग्रजीत आधी आला, आणि आला तो खगोलशास्त्रातून. वक्री होण्याच्या सुमारास ग्रह आकाशात थबकल्यासारखा दिसतो, त्याचे ते वर्णन. आपले ज्योतिषी अशा ग्रहाला 'स्तंभी' म्हणतात.

'ई'वाला मात्र बाजारात वाढला.

मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते गावोगाव, जत्रेजत्रेला फिरत. एका जागी ठाण मांडून बसणारा तो 'स्टॅशनॅरिउस'. बोलोन्या आणि पॅरिसच्या विद्यापीठांत हे नाव ग्रंथविक्रेत्याला चिकटले. छपाई अजून यायची होती. हा दुकानदार ग्रंथाची तपासलेली प्रत सुट्या भागांत ठेवी. विद्यार्थी एकेक भाग भाड्याने नेत, नक्कल उतरवून परत आणत. एक भाग एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे, त्यामुळे एकाच ग्रंथाच्या अनेक नकला एकदम तयार होत. भाड्याचा दर विद्यापीठ ठरवी. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याचा हा पूर्वजच म्हणायचा, फक्त नियम जास्त कडक!

लंडनमध्ये या मंडळींचा संघ 1403 साली झाला. 1557 मध्ये त्याला राजसनद मिळाली आणि इंग्लंडातली छपाई जवळजवळ पूर्णपणे सभासदांच्या मुठीत गेली. संघाच्या वहीत पुस्तक नोंदवणाऱ्याचा त्यावर हक्क. लेखकाला कायद्याने हक्क मिळाला तो थेट 1710 मध्ये. पुढे प्रकाशक आणि पुस्तकविक्रेते वेगळे झाले. 'स्टेशनर'कडे उरले कागद, शाई आणि पिसांच्या लेखण्या. त्याच्या मालाला 'स्टेशनरी' म्हणू लागले. बेकरपासून बेकरी होते तसेच हे, आणि स्पेलिंगमधला 'ई' या दुकानदाराच्या नावातूनच आला.

महाराष्ट्रात याच शब्दाची कटलरीशी जोडी जमली. 'स्टेशनरी व कटलरी' अशी पाटी असलेल्या दुकानात वह्या-पेनांशेजारी बांगड्या, रिबिनी आणि टिकल्याही मिळतात.