अंगठा सरकतो, मग तारा का सरकत नाही?

गाडी चालवत नसाल तर एक गंमत करा, मुलांनाही करायला सांगा. हात लांब करून अंगठा समोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा. मागच्या भिंतीपुढे अंगठा इकडून तिकडे सरकतो.

टायको ब्राहेचा आक्षेप या अंगठ्यातच आहे. १५४३ साली न्युरेंबर्गला कोपर्निकसचं पुस्तक छापलं गेलं: मध्ये सूर्य, भोवती पृथ्वी. ते न मानणारे सगळे हट्टी होते असं आपल्याला वाटतं. टायको हट्टी असेलही, अडाणी नव्हता. दुर्बीण नसताना ह्वेन बेटावरच्या वेधशाळेत तो ताऱ्यांच्या जागा अंशाच्या साठाव्या भागापर्यंत मोजायचा. तो म्हणे, पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर जानेवारीत आपण एका टोकाला, जुलैत दुसऱ्या. हे झाले आपले दोन डोळे. मग तारे सरकत का नाहीत?

तारे फारच दूर असतील तर शनीपलीकडे अफाट रिकामी जागा मानावी लागणार. ते त्याला पटेना. त्याने तडजोड काढली: ग्रह सूर्याभोवती, सूर्य पृथ्वीभोवती. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शुक्र चंद्रासारखा वाढता-घटता दिसला, तेव्हा टॉलेमीची जुनी मांडणी कोसळली. टायकोची तरली!

गंमत म्हणजे टायकोच्याच मंगळाच्या नोंदींवरून केप्लरने १६०९ साली ग्रहांची लंबवर्तुळं मांडली, तीही सूर्याभोवती. न्यूटनने १६८७ साली त्यामागचं कारण दिलं. ब्रॅडली ताऱ्यांचं सरकणं शोधायला बसला आणि १७२८च्या सुमारास त्याला वेगळंच सापडलं. धावणाऱ्याला सरळ पाऊसही तिरका लागतो ना, तसा ताऱ्यांचा प्रकाश आपल्याला जरा तिरका येतो. म्हणजे पृथ्वी धावते. पण अंगठ्याचा प्रश्न राहिलाच.

तो सुटला १८३८ साली. रोमच्या बंदी-यादीतून कोपर्निकसचं पुस्तक निघून तेव्हा तीन वर्षं झाली होती. क्योनिग्सबर्गला बेसेलने हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा अनेक महिने मोजला. तो सरकत होता! वर्षभरात किती? सात किलोमीटरवर ठेवलेलं दोन सेंटीमीटरचं नाणं दिसेल, साधारण तेवढा. टायकोच्या उपकरणांना दिसू शकलं असतं त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका. अंतर निघालं दहा-अकरा प्रकाशवर्षं, आणि हा जवळच्या ताऱ्यांपैकी.

उत्तर गोलार्धात असाल तर उन्हाळ्यात शहराच्या दिव्यांपासून लांब जा. हंस डोक्यावर असतो, आणि हा तारा नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो.