रवंथ

लोणावळ्यातल्या मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला फाटकापाशी गाठलं आणि म्हटलं, "सर, तुम्ही त्याच त्या विषयाचा रवंथ करता." बोलणं लागलं, हे कबूल करतो. घरी परतताना मळवलीच्या अलीकडे भाताच्या खाचराशी एक म्हैस बसलेली दिसली. डोळे अर्धे मिटलेले, जबडा शांतपणे चाललेला. तेव्हाच ठरवलं, आज याच शब्दावर बोलायचं.

रवंथ म्हणजे संस्कृत 'रोमन्थ'. शब्दाच्या मधला 'म' मराठीत येताना पुष्कळदा 'व' होतो: ग्रामाचं गाव, नामाचं नाव, कोमलचं कोवळं. पाणिनीने या शब्दासाठी तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात एक सूत्र दिलं आहे, आणि बघा, त्याच सूत्रात शेजारी 'तपस्' बसवलाय! रवंथ करणं आणि तप करणं, दोन्ही क्रियापदं एकाच नियमाने सिद्ध होतात. पाणिनीची ती व्याकरणातली सोय. आम्ही तत्त्वज्ञानवाले उगाच त्यात अर्थ शोधतो. वार्तिककारांनी तर पुढे बजावलं की जबडा हलत असेल तरच हे क्रियापद वापरा. म्हणजे त्यांच्या लेखी विचाराबिचाराचा इथे काही संबंध नाही.

चावण्याचा दुसरा शब्द चर्वण. आपलं 'चावणे' त्याच घराण्यातलं. त्याचं नशीब मात्र विचित्र आहे. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने, हजारएक वर्षांपूर्वी, रसाच्या आस्वादाला 'चर्वणा' म्हटलं. काव्यानुभवाचं ते शिखर. आणि भागवतात प्रल्हाद संसारात गुंतलेल्यांना दोष देतो तो चावलेलंच पुन्हा चावता म्हणून. तेच आपलं चर्वितचर्वण.

पण चर्वण आणि रवंथ एक नव्हेत. चर्वणात घास अजून तोंडातच असतो. रवंथात तो आधी गिळलेला असतो. गाय चरताना भराभर गवत पोटात ढकलते, फारसं चावत नाही. मग सावलीला बसून तोच घास वर आणते आणि निवांत चावते. असे दिवसाचे सात-आठ तास सहज जातात. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो ना, श्रवण, मनन, निदिध्यासन? त्यातलं मनन म्हणजे हा दुसऱ्यांदा चावलेला घास. लॅटिनमधल्या 'रुमिनारे' या क्रियापदाचेही रवंथ करणं आणि मनात घोळवणं असे दोन्ही अर्थ होते, आणि युरोपातले मठवासी धर्मवचन पुन्हा पुन्हा पुटपुटण्याला त्याच कुळातला शब्द वापरत.

आपल्या मावळात याचा पुरावा दगडात आहे. भाजे लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतली. परंपरेनुसार त्रिपिटक लेखनबद्ध झालं ते श्रीलंकेत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. म्हणजे भाज्याच्या पहिल्या भिक्षूंपाशी बुद्धवचन होतं ते मुखोद्गत. वर्षभर फिरायचं आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, हा त्यांचा वर्षावास. मावळचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला ही सोय समजावून सांगायला नको. बाहेर पाऊस लागलेला, आत पाठ केलेलं पुन्हा म्हणायचं, त्यावर एकमेकांना विचारायचं. पाठांतराला आपण फार लवकर नावं ठेवली, असं आमचं मत आहे. जे गिळलंच नाही ते वर कुठून आणणार?

मानसशास्त्रात मात्र हा शब्द बदनाम झाला. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी 1991मध्ये मांडलं की स्वतःच्या खिन्नतेभोवतीच विचार फिरवत बसणाऱ्यांची खिन्नता जास्त काळ टिकते. निरीक्षण मोलाचं आहे. पण मराठीने त्यासाठी 'उगाळणे' हा वेगळा शब्द ठेवलाय. उगाळताना खोड झिजतं, पचत काहीच नाही.

आता त्या श्रोत्याकडे येऊ. आम्ही घरी येऊन टिपणांची वही काढली. मागच्या तीन व्याख्यानांत दोरी आणि सापाचा तोच दृष्टान्त, जवळपास त्याच शब्दांत, तोच विनोदही! त्यात वर आणून नव्याने चावलेलं काही नव्हतं. म्हणजे गृहस्थांचा शब्द चुकला होता, तक्रार बरोबर होती. आज ते मागच्या रांगेत बसलेले दिसतात, आणि साप अजून निघालेला नाही.