विहीर सगळ्यांची, गाळ कोणी काढायचा?

मार्च 2016 लातूरकर विसरणार नाहीत. पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागलं होतं. पुढं 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. त्याच मार्चमध्ये, 22 तारखेला, जगभरच्या प्रोग्रामरांचीही एक विहीर अचानक आटली होती. आम्ही पत्रकार तेव्हा टँकर मोजत होतो, म्हणून ती गोष्ट आज सांगतो.

वेबसाइटचा आपल्याला दिसणारा भाग, म्हणजे बटणं, तक्ते, फॉर्म, कोणी दरवेळी मुळापासून लिहीत नाही. कोणीतरी आधी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड घेतात. त्या तयार कोडला लायब्ररी म्हणतात. 2006 मध्ये जॉन रेसिगनं जेक्वेरी काढली. 2011 मध्ये ट्विटरमधल्या दोघांचं बूटस्ट्रॅप आलं, 2013 मध्ये फेसबुकनं रिअ‍ॅक्ट खुलं केलं. नांदेडचं एखादं पोरगं आठ दिवसांत दुकानाची साइट उभी करतं, ते बहुतेक असल्याच कोडच्या जिवावर.

तर 2016 मध्ये अझेर कोचुलू या प्रोग्रामरचं 'किक' कंपनीशी एका नावावरून वाजलं. कोड साठवणाऱ्या एनपीएमनं ते नाव कंपनीला दिलं. गडी चिडला आणि स्वतःच्या 273 लायब्रऱ्या काढून घेतल्या. त्यात होती 'लेफ्ट-पॅड'. अवघ्या 11 ओळी! काम एवढंच, की डावीकडं शून्य किंवा मोकळी जागा भरायची, 7 चं 007 करायचं. पण बेबलसारखी मोठी साधनं तिच्यावर टेकलेली. हजारो प्रकल्प अडले. दोनेक तासांनी एनपीएमनं ती परत आणली आणि पुढं काढून घेण्याचे नियमच कडक केले.

पुढच्याच वर्षी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं आलेख काढणारी 'फ्रॅपे चार्ट्स' खुली केली. ती दुसऱ्या कुठल्याच लायब्ररीवर टेकलेली नाही. परवाना एमआयटीचा: वापरा, बदला, विका, फक्त हमी मागू नका. लातूरच्या आडत बाजारातले सोयाबीनचे भाव आलेखात दाखवायचे म्हटलं, तर तिला रुपया लागत नाही.

रुपया लागत नाही, पण कष्ट लागतात. ब्राउझर बदलतात, चुका निघतात, तक्रारी येतात. जगात हे निस्तरणारे कितीतरी जण नोकरी सांभाळून, बिनपगारी राबतात. आपल्याकडं बारव बांधणाऱ्याचं नाव शिलालेखात सापडतं. गाळ काढणाऱ्याचं कुठं सापडतं?

मग आपण काय करायचं? संगणक 'कि' हे एक अक्षर धरत नाही. क आणि वेलांटी असे दोन मोजतो. त्यामुळं मराठी मजकुराची लांबी चुकते, रकाने हलतात. ही चूक परदेशातल्या माणसाच्या नजरेत येईलच असं नाही, औशाच्या पोराला लगेच दिसेल. ती नीट लिहून कळवणं, जमलं तर दुरुस्त करून पाठवणं, हेसुद्धा गाळ काढणंच.

नांदेड-लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतलं कोणी असं काम करत असेल तर मला कळवा. बातमी मी करतो.