विळ्याची जात

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराला जात चिकटवली ती मोजणीने. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत विळ्यासारख्या तांबड्या पेशी सापडल्या. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचं मध्य भारतातल्या वाहकांवरचं टिपण ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढच्या पाहण्यांनी महार, कुणबी, तेली, गोंड असे रकाने आखले. रक्ताआधी जात विचारल्यावर उत्तरही जातीचंच निघणार. जनुकाची हकीकत मात्र वेगळी आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, एवढाच फरक. तो एकाच पालकाकडून आला तर माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास नाही, उलट जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण. संशोधक ॲलिसन यांनी हे १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. भंडारा-गडचिरोलीच्या तळ्यांच्या, धानाच्या, रानाच्या मुलखात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता. तिथे हा फरक टिकला यात नवल नाही. शिवाय भारतातल्या या जनुकाची ठेवण पूर्व सौदी अरेबियातल्या रुग्णांशी जुळते. इतक्या दूरवर आढळणाऱ्या या जनुकाच्या प्रवासात आपल्या जातपंचायती कुठे बसवायच्या?

यावर चोख आक्षेप असा, की डास जात विचारत नाही. मग एकाच गावात जातीजातींत प्रमाण वेगळं का? कारण सोयरिकी जात विचारतात. जातीच्या कुंपणाच्या आत शिरलेलं जनुक आतच फिरत राहिलं, बाहेर फारसं गेलं नाही. वर्तुळात वाहक जितके जास्त, तितके दोन वाहक एका मांडवात येण्याची शक्यता मोठी. आणि तशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: जातवार मोजलं नसतं तर तपासणी सुरू तरी कुठून करायची? सुरुवातीपुरता तो रास्तच होता. पण त्या जातींच्या यादीवरच थांबलं तर रुग्ण निसटतात: सहा-आठ महिन्यांच्या रुग्ण बाळाचे हात-पाय सुजतात, पुढे डोळे पिवळे पडतात, पाणथरी वाढते, हाडं असह्य ठणकतात, आणि हे सगळं कधी संधिवात तर कधी कावीळ म्हणून खपून जाऊ शकतं. आडनाव यादीबाहेरचं असेल तर जास्तच. लग्नातही प्रश्न जातीचा नाही, रक्ताचा आहे: ‘एएस’चा ‘एए’शी, म्हणजे हे जनुक नसलेल्याशी, संसार झाला तर मूल सिकलसेलचं रुग्ण होत नाही, मग दोघं एका जातीचे असोत वा नसोत. जातीबाहेर लग्न करणाऱ्यालाही मात्र तपासणी चुकत नाही, कारण कुंपणापलीकडच्या घरातही एखादा ‘एएस’ असू शकतो.